कपाटापलीकडची कासिल्दा

अकरा वर्षं जिच्याशी बोलले ती पहिल्यांदा समोर येणार, त्या दिवशी मी भलत्याच बाईला मिठी मारली.

त्याचं असं झालं. मी अंडी विकते. ग्रानादाच्या मंडईत माझा गाळा आहे, आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी मी अल्बायसिनच्या चढावरच्या एका मठात अंडी पोचवत असे. गल्ली इतकी अरुंद की गाडी खालीच ठेवावी लागायची; दोन हातांवर ट्रे घेऊन पायऱ्या चढायच्या. मठातल्या सिस्टर बंदिस्त व्रताच्या, बाहेरच्या माणसाला त्यांनी दिसायचं नाही. म्हणून दाराशेजारच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट बसवलेलं होतं. मी त्यात ट्रे ठेवायचे, पलीकडून कोणी तरी ते गोल फिरवायचं, भरलेले ट्रे आत जायचे आणि गेल्या खेपेचे रिकामे बाहेर यायचे. पलीकडच्या माणसाचं बोटसुद्धा दिसत नसे. नुसता आवाज. तो आवाज सिस्टर आम्पारोचा. मठाची भट्टी तिच्याकडे होती आणि हे कपाटही. तिच्या हातच्या बदामाच्या वड्या आणि बडीशेप घातलेले रोस्को, म्हणजे कड्यासारखी गोल बिस्किटं, घ्यायला लोक पार गावाबाहेरून यायचे.

पहिली दोन वर्षं आम्ही अंड्यांपलीकडे काही बोललो नाही. मग माझा नवरा एलादियो गेला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा ट्रे घेऊन गेले, तर आतून आवाज आला, "मध्ये दुसरंच कोणी येत होतं. तू बरी आहेस ना?" आणि मी त्या लाकडाला डोकं टेकून अर्धा तास बोलत राहिले. त्यानंतर बोलतच राहिले. एलादियोचं दुखणं, मुलगा रुबेन बिलबाओला गेला ते, त्याचे महिन्यातून एकदा येणारे फोन, माझे गुडघे, मंडईतली भांडणं, सगळं. समोर चेहरा नसला की माणूस काय काय बोलून जातं. ती मध्येच "मग?" म्हणायची, कधी "हे मात्र तुझं चुकलं" म्हणायची, आणि कपाट फिरायचं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती म्हणाली, "आंगुस्तियास, मठ बंद होतोय. आम्ही चौघीच उरलोय. तिघी मुर्सियाच्या मठात चालल्यात."

"आणि तुम्ही?"

"मी नाही जात. तीन वर्षांची सुटी मागितली होती, ती मिळाली."

"सुटी घेऊन जाणार कुठे?"

"बाहेर," ती म्हणाली. आणि मग, "मला ग्रानादा दाखवशील का? एक दिवस."

सत्तावीस वर्षं ती या शहरात राहत होती. मतदानाला आणि दाताच्या डॉक्टरकडे तेवढी बाहेर पडलेली. टॅक्सीने जायचं, टॅक्सीने परत यायचं.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. रुबेनची खोली रिकामीच होती. ती फिकट पिवळ्या रंगाने रंगवून घेतली. नवे पडदे शिवले, गादी बदलली, भिंतीवर तिच्यासाठी एक क्रूसही लावला. तिला यातलं काही सांगितलं नाही. मंडईत मात्र सगळ्यांना सांगून झालं होतं की माझ्याकडे आता एक मैत्रीण राहायला येतेय.

मे महिन्यातला बुधवार होता. मी गाळा बंद ठेवला, केस नीट करून घेतले आणि नऊच्या आधीच मठाच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिचा आवाज जाड, भरदार. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर कायम एक उंच, दणकट बाई असायची, पीठ मळून दंड कमावलेली. दार उघडलं आणि अगदी तशीच बाई बाहेर आली. राखाडी कोट, रुंद खांदे. मी धावत गेले आणि तिच्या गळ्यात पडले. मला रडूच कोसळलं. ती बाई खांबासारखी ताठ उभी.

"आंगुस्तियास," तिच्या पाठीमागून तो आवाज आला, "या बिशपच्या कचेरीतून आल्यात. किल्ल्या घ्यायला."

राखाडी कोटातल्या बाईंनी "असू द्या" म्हणून खांद्यावरचं माझ्या डोळ्यांचं पाणी पुसलं आणि किल्ल्या घेऊन निघून गेल्या. त्यांच्या मागे कोण उभं होतं? माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी बारकीशी बाई. जाड भिंगांचा चष्मा, कानाच्या वर कापलेले करडे केस, कोणी तरी दिलेला ढगळ तपकिरी स्कर्ट, हातात एक पिशवी, आणि पायांत डोळे दिपवतील असे पांढरे शुभ्र बूट.

"एवढ्याशा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी तुला बारीक समजत होते," ती म्हणाली.

हिला माझं सगळं माहीत आहे, मी नवऱ्याला पुरलं त्या दिवशी त्याच्यावर किती चिडले होते तेसुद्धा माहीत आहे, आणि हिला डोळे आहेत, हे एकदम माझ्या लक्षात आलं. कुठे तरी पळून जावंसं वाटलं.

"सिस्टर, आधी काही खाऊया का?"

"कासिल्दा म्हण. माझं खरं नाव कासिल्दा, आम्पारो हे मठातलं. आणि ते तुम्ही-बिम्ही आता सोड, रस्त्यात बरं दिसत नाही."

आम्ही उतरून बिब-राम्ब्लाच्या चौकात गेलो. फुलांची दुकानं नुकती उघडत होती. मी दोन प्लेट चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, आणि दाट चॉकलेटचे दोन कप मागवले. गरम चुरोस आले आणि मी एकीकडे खात, एकीकडे बोलत सुटले. काल झोप लागली का, बाकीच्या तिघी गेल्या तेव्हा वाईट वाटलं का, बूट कोणी दिले, चॉकलेट गोड तर नाही ना झालं, उन्हाचा त्रास होतोय का. ती काही बोलेना. मान खाली घालून एकेक चुरो बुडवायची, चावायची, गिळायची. मला वाटलं, झालं, हिला मी आवडले नाही. कपाटाच्या पलीकडून बरी वाटत होते, आता बघून पस्तावली.

तिने शेवटचा घास संपवला, रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"झोप लागली, पण तीनदा जागी झाले. तिघी गेल्या तेव्हा वाईट वाटलं, सिस्टर पेत्रोनिलासाठी जास्त, तिला आता मी कोण तेच आठवत नाही. बूट सिस्टर पेत्रोनिलाच्या भाचीने दिले. चॉकलेट गोड आहे, पण हवं तेवढंच. उन्हाचा त्रास नाही होत."

मी बघतच राहिले.

"अगं, जेवताना बोलायचं नसतं आमच्यात," ती म्हणाली. "एक जण वाचून दाखवते, बाकीच्यांनी ऐकायचं. सत्तावीस वर्षांत घास तोंडात असताना मी कोणाशी बोललेले नाही. जमेल हळूहळू."

मग मला हसू आवरेना, आणि मला बघून तीही हसली. वेटर बिल ठेवायला आला तो तसाच उभा राहिला.

"आता कॅथेड्रल बघूया?" मी विचारलं. ते दोन पावलांवरच होतं.

"चर्च पुष्कळ बघितलं," कासिल्दा म्हणाली. "गल्ल्या बघूया."

आम्ही गल्ल्या बघितल्या. ती भिंतीला धरून चालायची. समोरून कोणी आलं की थांबून त्याला वाट द्यायची, त्यामुळे आमची शंभर पावलं चालायला पाव तास लागायचा. मी तिचा हात धरून तिला रस्त्याच्या मधोमध आणायची, ती पुन्हा कडेला. कुलपांच्या दुकानापुढे ती दहा मिनिटं उभी होती. फळवाल्याने "काय देऊ?" विचारलं तर इतका वेळ विचार करत बसली की मागे रांग लागली. चेरी, जर्दाळू, की सुरुवातीची पीच. शेवटी तिने तिन्ही थोडी थोडी मागितली. फळवाला म्हणाला, "बाई, लग्नाचा नवरा निवडताय का?"

"तो निवडायला एवढा वेळ नव्हता लागला," ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली. फळवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, सिस्टरचं लग्न देवाशी लागतं, आणि पुढच्या कोपऱ्यापर्यंत मी हसत होते.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही छोट्या बसने पुन्हा वर अल्बायसिनला गेलो आणि सान निकोलासच्या कठड्यापाशी उतरलो. समोर अलाम्ब्राचा जुना किल्ला, मागे सियेरा नेवादाच्या डोंगरांवर अजून टिकलेला बर्फ. फोटो काढणारे, गिटारवाले, बांगड्या विकणारे, नेहमीची गर्दी. कासिल्दा कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"आमच्या धुण्याच्या गच्चीवरून त्याचं एक टोक दिसायचं," ती म्हणाली. "त्या बुरुजाचं, घंटेच्या. बाकीचं मी मनाने बांधलं होतं."

"मग? कसं आहे?"

"मी जास्त पांढरं बांधलं होतं."

ती बराच वेळ बघत होती. मग तिने पाठ फिरवली आणि खालच्या कौलांकडे बघू लागली. मठाचं छप्पर तिने लगेच ओळखलं, मधलं लिंबाचं झाडही. वाळत घालायच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. मला वाटलं आता ही रडणार, म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. पण तिने विचारलं, "तिथून मागच्या गल्लीत कसं जायचं? माझं एक काम आहे."

मठाच्या मागच्या भिंतीपलीकडून रोज दुपारी दोन वाजता एका बाईची हाक यायची. 'बासिलियो, सूप निवतंय.' भट्टी मागच्या बाजूला होती, त्यामुळे कासिल्दाला ती अगदी स्पष्ट ऐकू यायची. अठरा वर्षं तिने ती हाक ऐकली. रविवारीसुद्धा. मग नऊ वर्षांपूर्वी एक दिवस ती थांबली.

"बासिलियो वर जायचा की नाही, हे मला कधीच कळलं नाही," कासिल्दा म्हणाली. "मला ते विचारायचंय."

"अगं पण नऊ वर्षं झाली म्हणतेस. लोक घरं सोडून जातात, मरतात."

"मग तसं कळेल."

मागच्या गल्लीत पहिल्याच दाराशी एक बाई पायऱ्या धूत होती. बासिलियो म्हटल्यावर तिने झाडूच्या दांड्याने चौकातल्या बाकाकडे बोट केलं. तिथे एक म्हातारा गृहस्थ बसला होता, नव्वदीला आलेला, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. मी मागेच थांबत होते, पण कासिल्दा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही बासिलियो?"

"कोण विचारतंय?"

"मी भिंतीपलीकडची. मठातली. तुमच्या घरातून रोज हाक यायची, सूप निवतंय म्हणून."

म्हाताऱ्याने टोपी काढली. ती मांडीवर ठेवली.

"तुम्हाला ऐकू जायची?"

"रोज. मला एकच विचारायचंय. तुम्ही वर जायचात का?"

"जायचो की. या इथेच बसलेला असायचो. पहिल्या हाकेला उठलं तर बायकोला वाटतं आपल्याला दुसरं काही काम नाही. तिसऱ्या हाकेला उठायचो."

"चौथ्या," कासिल्दा म्हणाली. "बहुतेक वेळा चौथ्या. मी मोजायची."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. चौथ्या. तिचा आवाज फार मोठा होता. मुलांना वाटतं मी वाढवून सांगतो." मग त्याने बाकावर सरकून जागा केली. आम्ही बसलो. त्याच्या बायकोचं नाव रेस्तितुता. ती नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. सूप बहुतेकदा हरभऱ्याचं असायचं. कासिल्दाने त्याला सांगितलं की जानेवारीत एकदा तिचा आवाज बसला होता आणि ती हाकेऐवजी भांडं वाजवायची. तेवढं म्हातारा विसरला होता. त्याने ते दोनदा पुन्हा सांगायला लावलं. उठताना त्याने कासिल्दाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मी रोज इथेच असतो, दुपारी दीडपासून."

दोन वाजून गेले होते. मी तिला निकासियोच्या बारमध्ये नेलं. निकासियो माझं जुनं गिऱ्हाईक. बायको बार्सेलोनाला निघून गेल्यापासून बार एकटाच चालवतो. तोंडाचा फटकळ, पण त्याच्याकडचं खाणं चांगलं. आम्ही खिडकीशी बसलो. मी वाइन मागितली, कासिल्दानेही मागितली.

"आणि खायला काय काय आहे?" तिने निकासियोला विचारलं. सकाळी फळवाल्यापासून तिला आता निवडायची चटक लागली होती.

"जे येईल ते," निकासियो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पेल्याबरोबर एक बशी फुकट येते. बशीत काय घालायचं ते मी ठरवतो. माझ्या बापानेही असंच केलं."

"आणि मला दुसरं काही हवं असेल तर?"

"तर आणखी एक पेला घ्या. दुसरं येईल. पण तेही मीच ठरवणार."

कासिल्दाने माझ्याकडे बघितलं. "हा तर आमच्या मदर सुपिरिअरसारखा आहे," ती म्हणाली. निकासियोला मठाचं काही माहीत नव्हतं, पण त्याला ते आवडलेलं दिसलं. पहिल्या पेल्याबरोबर रस्स्यातले मांसाचे गोळे आले, दुसऱ्याबरोबर हॅम घालून परतलेले ओल्या शेंगांचे दाणे. तिसऱ्याबरोबर वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी. त्याने न विचारताच तिच्यासमोर दोन बश्या ठेवल्या. कासिल्दा खाता खाता बोलायचा प्रयत्न करत होती. एक शब्द, एक घास, मग पुन्हा एक शब्द. ठसका लागला तेव्हा मी पाठीवर थापटलं.

ती खुशीत होती, वाइन उतरत होती, मला वाटलं हीच वेळ.

"संध्याकाळी घरी जाऊ तेव्हा तुला एक गंमत दाखवायचीय," मी म्हटलं. "रुबेनची खोली मी रंगवून घेतलीय. तुझ्यासाठी."

तिने काटा खाली ठेवला.

"आंगुस्तियास, मी खाली साईदीन वस्तीत खोली घेतलीय. एका बाईंकडे. चर्चमार्फत मिळाली, सहा महिन्यांसाठी. आज रात्रीपासून."

"म्हणजे?" मी म्हटलं. "मी पडदे शिवलेत. पिवळे."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारायचं काय त्यात? आश्चर्य द्यायचं होतं तुला. अकरा वर्षं मी तुझ्याशी बोलतेय. तुला दुसरं कोण आहे इथे?"

"कोणी नाही."

"मग?"

तिने वांग्याची बशी बाजूला सारली. "ऐक. सत्तावीस वर्षं मी कधी उठायचं ते घंटा सांगायची. कधी झोपायचं तेही. मी तक्रार करत नाही, मला ते आवडायचं. मठातल्या आजारी मावशीच्या मदतीला म्हणून पंधरा दिवसांसाठी आले होते, ती शांतता आवडली म्हणून राहिले. कशापासून पळून आले नव्हते. पण मी कधी जागी आहे आणि कधी झोपलेय हे कोणालाच माहीत नाही, अशा एका खोलीत मला थोडे दिवस राहून बघायचंय. तुझ्याकडे आले तर तू सकाळी दार वाजवशील. कॉफी घेऊन."

"वाजवणारच," मी म्हटलं.

"बघ."

मला फार लागलं. मी उठून बाथरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं. आरशात बघताना मनात आलं, अकरा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू मठात कशी आलीस. मी फक्त ट्रे ठेवले आणि आपलंच सांगत सुटले. मावशीचं मला आज पहिल्यांदा कळत होतं. मी थोडा वेळ तिथेच थांबले. राग गेला असं नाही म्हणणार, पण त्याची धार बोथट झाली.

परत आले तर टेबलावर कासिल्दाच्या पिशवीतला एक पत्र्याचा डबा उघडा होता आणि निकासियो त्याच्यापुढे उभा राहून रोस्को चावत होता. कासिल्दा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"काय चाललंय?"

"शेवटच्या भट्टीतले आहेत," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "सत्तावीस वर्षं केले, पण माझ्या हातचं बाहेरचं माणूस खाताना मी कधी बघितलं नाही. तुला तर कपाटातून दिले की तू घरी न्यायचीस. जरा थांब."

निकासियो चावत राहिला. गिळलं. पाणी प्याला.

"कोरडं आहे," तो म्हणाला.

मी भडकले. "निकासियो, अख्खं ग्रानादा रांग लावायचं त्याच्यासाठी."

"लावत असेल. मला विचारलं म्हणून सांगितलं. चव चांगली आहे, बडीशेप चांगली आहे. पण कोरडं आहे. घशात बसतं."

मला वाटलं आता मात्र ती दुखावणार. पण कासिल्दा खुर्चीच्या टोकाशी सरकली होती. तिचे डोळे चमकत होते. "किती कोरडं? चावल्याबरोबर की गिळताना?"

"गिळताना."

"म्हणजे तेल कमी पडतंय. मी मठात म्हणायची, तेल वाढवूया, पण सिस्टर पेत्रोनिला म्हणायची दोनशे वर्षं असंच करतात. आणि गिऱ्हाईक कपाटापाशी काय म्हणणार, तर देव तुमचं भलं करो सिस्टर. बाकी काही नाही. कोणी खरं सांगतच नव्हतं." ती उठून उभीच राहिली. "तुमच्याकडे ओव्हन आहे?"

"आहे. वापरत नाही. गोड मला जमत नाही, गिऱ्हाईकाला मी आइस्क्रीम देतो."

"मला बघू दे."

ती सरळ काउंटरच्या आत गेली. निकासियो माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. आतून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग तिचा जाडा आवाज, "हा शेवटचा कधी पुसला होता?"

ती दोघं अर्धा तास आत होती. तेलावर वाद झाला. तो म्हणाला ऑलिव्हचं कडवट लागेल, ती म्हणाली संत्र्याची साल तळून काढली की कडवटपणा जातो. तो म्हणाला, माझं स्वयंपाकघर सकाळी अकरापर्यंत रिकामंच असतं. ती म्हणाली, मी पाचला उठते. बाहेर मी एकटीच बसून उरलेलं वांगं संपवलं आणि काकवी ब्रेडने पुसून खाल्ली. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा हेवा वाटत होता. बाहेर पडून तिला सहा तास झाले होते आणि मी तीस वर्षं या शहरात अंडी विकतेय.

दुपारी बार बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्ही निघालो. डारो नदीच्या काठाने चालत खाली आलो. आता ती भिंतीला धरून चालत नव्हती. वाइनमुळे असेल किंवा कशामुळे. पुलावर तिने माझा दंड धरला.

"रागावलीस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणखी थोडं चालल्यावर म्हणाली, "मला कधी कोणी जेवायला बोलावलेलं नाही. पाहुणी म्हणून. मोठी झाल्यापासून एकदाही नाही. दाराची बेल वाजवायची, हातात काही तरी न्यायचं, मग घर दाखवतात म्हणे."

मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे बघत चालली होती, चष्म्यावर ऊन.

"रविवारी दोन वाजता ये," मी म्हटलं. "उशीर करू नकोस, भात मोकळा राहत नाही."

"काय आणू?"

"ते तू ठरव."

साईदीनला तिची खोली चौथ्या मजल्यावर होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. खाली धोबीखाना, शेजारी न्हाव्याचं दुकान, समोर बसथांबा. अजून लख्ख उजेड होता. मी तिची पिशवी वरपर्यंत घेऊन जाते म्हटलं, तर तिने ती माझ्या हातातून घेतली. किल्ली लावायला तिला वेळ लागला, ती उलटी धरली होती. मी पुढे झाले नाही. हात मागे बांधून उभी राहिले. दार उघडल्यावर ती वळली आणि या वेळी तिने मला मिठी मारली, टाचा उंचावून.

"आता जा," ती म्हणाली.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. निकासियोच्या बारमध्ये गुरुवारी आणि शनिवारी ताजे रोस्को मिळतात आणि ते कोरडे नसतात. त्याने आइस्क्रीम बंद केलं. बशीत काय घालायचं यावरून दोघांचं आठवड्यातून एकदा तरी भांडण होतं, आणि काही गिऱ्हाइकं तेवढ्यासाठीच येतात. गुरुवारी काम संपलं की कासिल्दा चार रोस्को कागदात बांधून मठामागच्या चौकात जाते आणि बासिलियोबरोबर तासभर बसते. सहा महिने संपल्यावर तिने साईदीनची ती खोली सोडली आणि मोठी खिडकी असलेली दुसरी घेतली, तिथेच दोन गल्ल्या पुढे. पिवळ्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवलंय. नाताळात रुबेन चार दिवस राहून गेला. खोली कोणासाठी रंगवली होती हे त्याने विचारलं, आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये "मग?" म्हणत होता.

कासिल्दा रविवारी येते. गेल्या रविवारी भात वाढताना मी तिला विचारलं, जे विचारायची मला भीती वाटत होती. सुटीची अजून दोन वर्षं आहेत, पण ती संपणार. मग मुर्सियाच्या मठात जाणार का?

तिला अजूनही प्रार्थनेच्या वेळा पाळायची सवय आहे, आणि सिस्टर पेत्रोनिलाला ती दर आठवड्याला पत्र लिहिते, उत्तर येत नसलं तरी.

"माहीत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी विचार करेन. शुक्रवारी मला सुटी असते." आणि तिने बशी पुढे केली, आणखी भातासाठी.